शंभरामागे तीन

माघ सरत आला की बीड रस्त्याने आडूळ ओलांडून पाचोडकडे जाताना गाडीच्या काचा खाली घ्याव्यात. आधी काही कळत नाही. पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली काळी रानं, बांधावरच्या बाभळी, तुराट्यांच्या गंजी, फुफाट्याचा कोरडा वास. आणि मग कुठल्याशा वळणावर हवेचा पोतच बदलतो. डिसेंबरभर पाणी तोडून ताणावर धरलेल्या, पानं गाळून अबोल उभ्या राहिलेल्या मोसंबीच्या बागा पहिल्या पाण्यावर फुटलेल्या असतात, पानापानाच्या बेचक्यात पांढरी, जाडसर पाकळ्यांची कळी फुगलेली असते, आणि त्या असंख्य कळ्यांचा एकवटलेला वास सकाळच्या तिरप्या उन्हाबरोबर, दांडातल्या ओलाव्याबरोबर, याच पट्ट्यात 2012-13च्या दुष्काळात उभ्या वाळलेल्या आणि कुऱ्हाडीखाली गेलेल्या बागांच्या आठवणी ओलांडून असा काही अंगावर येतो की बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडतो.

आंबिया बहार.

वासाच्या मागोमाग आवाज येतो. तो आधी छातीला जाणवतो, मग कानाला. बागेत शिरावं तसा तो चहूबाजूंनी दाटत जातो, वर-खाली होत नाही, श्वास घेत नाही. एकच अखंड षड्ज, ज्याच्यावर पाखरांची किलबिल, दूरच्या ट्रॅक्टरची धडधड, विहिरीवरच्या मोटारीची घरघर सगळं येऊन टेकतं आणि निघून जातं. झाडांच्या ओळींमधून, निळ्या-पांढऱ्या रंगाच्या, उन्हापावसाने पोपडे धरलेल्या मधपेट्या मांडलेल्या असतात. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी जाणाऱ्या-येणाऱ्यांची गर्दी. येणाऱ्या माशीचं पोट मकरंदाने जड, ती फळीवर उतरते ती धप्पकन, क्षणभर थांबते, आणि अंधारात शिरते.

पेट्यांचा धनी आमच्याच जिल्ह्यातला. बोलणं कमी, हातांची हालचाल त्याहून कमी. वर्षभर तो फुलांच्या मागे हिंडतो: कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट, मोसंबी, सूर्यफूल, पावसाळ्यात बाजरी, आणि थंडीत जमलं तर थेट राजस्थानातली मोहरी. त्याच्या पंचांगात महिने नाहीत, फुलं आहेत. जालन्याकडचे बियाणेवाले त्याला बोलावतात, कारण संकरित कांद्याच्या बियाण्यात नर ओळीचा पराग मादी ओळीपर्यंत माशीनेच न्यावा लागतो, दुसरा वाटाड्या नाही. मी त्याच्याकडे अधूनमधून जाते. मधासाठी जाते असं घरी सांगते. खरं तर पेटी उघडताना तिथं उभं राहायला मिळावं म्हणून जाते.

"ताई, पेटीच्या तोंडापुढून सरका. त्यांची वाट आहे ती."

धुरांड्यात वाळलेल्या शेणाची गोवरी आणि गोणपाटाची चिंधी धुमसते. दोन हलक्या फुंकरा, मग थोडं थांबायचं. माशांनी राळेने चिकटवलेलं झाकण पोलादी पट्टीने उचकटताना कट्‌ असा आवाज होतो, आणि आतून जो वास उसळतो त्याला उपमा नाही: मेण, पराग, पिकत आलेला मध, आणि या सगळ्यांच्या तळाशी जिवंत अंगांची ऊब. पिलांच्या चौकटींवर तळहात धरला की ती ऊब कळते. बाहेर माघाची थंडी असो की वैशाखाचं ऊन, जिथे पिलं वाढतात तिथलं तापमान माशा 34-35 अंशांवर धरून ठेवतात. थंडीत अंग थरथरवून, उन्हाळ्यात पाणी शिंपडून आणि पंखांनी वारा घालून. हजारो जीवांनी मिळून सांभाळलेला एक ताप. आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवावा तसा मी तो हात ठेवते, आणि दरवेळी मनात येतं, या उबेत दुसरं कोणीही वाढू शकेल.

वाढतंच.

पिलांची चौकट तो उन्हाकडे वळवून धरतो. मधोमध झाकलेली घरं, फिकट तपकिरी, किंचित फुगीर, आत कोषात झोपलेल्या कामकरी माशा. कडेला उघडी घरं, त्यांत शुभ्र कोवळ्या अळ्या अर्धचंद्रासारख्या वळून पडलेल्या. त्यांच्याभोवती परागाचा पिवळा-केशरी गोफ, आणि वरच्या कोपऱ्यांत चकाकणारा मध. तो आधी राणी शोधतो. ती दिसली, तिला दुसऱ्या चौकटीवर सुखरूप ठेवलं, की मगच या चौकटीला हात. राणी बघितल्याशिवाय झटका द्यायचा नाही, हा त्याचा नियम. मग चौकट एका पसरट भांड्यावर हिसडून माशा पाडायच्या, त्यांतल्या अर्धा कप भरून काचेच्या बरणीत ओतायच्या. अर्धा कप म्हणजे साधारण तीनशे माशा. बरणीला झाकणाऐवजी जाळी. जाळीवरून दोन मोठे चमचे पिठीसाखर आत चाळायची, बरणी आडवी धरून हळूहळू फिरवायची, आणि मग सावलीत ठेवून वाट पाहायची.

ती दोन-तीन मिनिटं मला फार आवडतात. बरणीत एक पांढरं, भुरकट वादळ उठलेलं असतं आणि निवत असतं. सोनेरी-तपकिरी अंगं पिठूळ होतात, डोळे पांढरे, पंख पांढरे. गुणगुण चढते, चिडते, मग हळूहळू एका खालच्या सुरावर येते. साखरेच्या बारीक कणांनी माशांच्या अंगाला चिकटलेल्या परजीवी कोळ्यांच्या पायांची पकड सुटते, आणि माशा एकमेकींना चाटूनपुसून स्वच्छ करू लागतात तशी ती आणखीच सुटते. मग बरणी उलटी करून पांढऱ्या ताटलीवर हलवायची. साखर झरते. ताटलीत थोडं पाणी शिंपडलं की साखर विरघळते, आणि मागे उरतात ते ठिपके.

तांबडे, चपटे, आडवे. लांबीपेक्षा रुंदी जास्त, जेमतेम दीड मिलिमीटर. नीट पाहिलं तर त्यांना पाय असतात, आठ, पुढे गोळा केलेले. ओल्या ताटलीवर ते सावकाश चालू लागतात. एवढासा जीव, पण माशीच्या देहाच्या मानाने केवढा! माणसाच्या पाठीला बशीएवढी गोचीड चिकटावी, तेवढा. याचं नाव व्हरोआ.

तो मोजतो. ओठ हलतात, आवाज नाही. मग वहीत पेटीचा नंबर, तारीख, आणि आकडा. तीनशे माशांतून निघालेल्या आकड्याला तीनने भागायचं. शंभरामागे किती ते कळतं. एखाद-दुसरा असला तर तो मान हलवतो आणि झाकण लावतो. शंभरामागे तीन झाले की तो गप्प होतो. मुळातच कमी बोलणाऱ्या माणसाचं गप्प होणं मला आता ओळखू येतं.

पांढऱ्या झालेल्या माशा पेटीच्या तोंडाशी ओतल्या की त्या लगबगीने आत चालत जातात, आणि आतल्या बहिणी त्यांच्या अंगावरची साखर खाऊन टाकतात.

ताटलीत जे दिसतं ते मात्र पुरतं नसतं. पेटीत पिलं भरपूर असतात तेव्हा बहुतेक कोळी माशांच्या अंगावर नसतातच. ते झाकलेल्या घरांत असतात. आमच्या शहराच्या पोटातून मलिक अंबरने खेळवलेली नहर जशी सतराव्या शतकापासून मातीखालून वाहत आली आणि वर फक्त तिचे मनोऱ्यासारखे बंब दिसत राहिले, तसा हा वावर. वर ठिपके, खाली प्रवाह. अळीचं घर मेणाने झाकलं जाण्याच्या काही तास आधी कोळ्याची मादी आत उतरते आणि अळीच्या अन्नाच्या लगद्याखाली दडून राहते. झाकण पडतं. अंधार होतो. अळी सगळं अन्न खाऊन संपवते, कोश विणते, आणि आता त्या षटकोनी खोलीत दोघीच असतात. अडीच-तीन दिवसांनी मादी पहिलं अंडं घालते, त्यातून नर निघतो; मग साधारण तीस-तीस तासांनी एकेक मुलगी. कोषातल्या माशीच्या अंगावर आई एक जखम करून ठेवते, एकच, आणि तिची सगळी लेकरं त्याच जखमेशी येऊन जेवतात. ती विष्ठाही भिंतीवर ठरावीक जागीच टाकते. रिकाम्या घराच्या छताशी उन्हात चमकणारे पांढरे कण दिसले की जाणता मधपाळ ओळखतो, इथे कोणी राहून गेलं. नर त्या खोलीबाहेर कधीच पडत नाही. तिथेच जन्मतो, तिथेच संपतो. माशी जेव्हा झाकण कुरतडून बाहेर येते तेव्हा आई आणि तिच्या वाढून पुऱ्या झालेल्या मुली तिच्या अंगावर बसून बाहेर येतात.

हे सगळं वाचताना, पाहताना, माझ्या मनात कोळ्याबद्दल राग उभा राहत नाही. तिथेही एक आई आहे, घास शोधणारी, जागा निवडणारी, स्वच्छता पाळणारी. राग यावा असं काही मला तिथं सापडत नाही. मला वाईट वाटतं ते त्या माशीचं, जी अंधारात झोपली असताना तिच्या देहातली साठवण कोणी पिऊन टाकतं. बरीच वर्षं असं मानत होते की कोळी माशीचं रक्त पितो. 2019 साली सॅम्युअल रॅमसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मोठ्या माशीच्या अंगावर तो मुख्यतः तिच्या मेदपिंडावर जगतो: जिथे माशीची शक्ती साठते, जिथून रोगाशी झुंजायचं बळ येतं, जे तिला दूरचा पल्ला आणि लांबचं आयुष्य देतं, त्यावरच. आणि त्या जखमेतून विषाणू आत शिरतात.

अशी एक माशी मी पाहिली आहे. पेटीच्या तोंडाशी, फळीवर. नुकती जन्मलेली असावी, अंगावरची लव अजून करडी, ओलसर. पंखांच्या जागी दोन आखडलेल्या, सुरकुतलेल्या काड्या. तिच्या दोन्ही बाजूंनी उडणाऱ्या माशांचा लोंढा चालला होता. ती फळीच्या टोकाशी आली, पुढचे पाय हवेत उचलले, पंख असते तर त्या क्षणी ती मोसंबीच्या पांढऱ्या वासात शिरली असती. ते आखडलेले अवयव थरथरले. पुन्हा थरथरले. मग ती खाली गवतात पडली आणि चालू लागली. कुठल्याशा दिशेने, ठामपणे, मातीच्या ढेकळांवरून चढत-उतरत, पेटीपासून दूर.

ती चालत राहिली.

या पाहण्यानंतर अजिंठ्याला गेले तेव्हा माझी नजर चित्रांआधी कड्यांकडे गेली. वाघूर नदीने कोरलेल्या त्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या दरीत, लेण्यांच्या कपाळावर, काळ्या पाषाणाच्या पुढे आलेल्या ओठांखाली आग्या माश्यांची मोहोळं लोंबतात. एकाच प्रचंड पोळ्याची, उघडी, छप्पर नसलेली. माशांच्या देहांचाच पडदा, आणि त्या पडद्यावर मधूनच उठणारी लाट. पर्यटक माना खाली घालून जातात, आणि ते योग्यच. इथे माशा उठल्याचे प्रसंग घडलेले आहेत. या आग्या माशीच्या पिलांनाही एक कोळी लागतो, व्हरोआहून बारीक आणि चपळ, ट्रोपिलेलॅप्स नावाचा. पण त्या कोळ्याला कोवळी पिलं लागतात. ती नसली तर तो काही दिवसांतच मरतो. आणि आग्या माशी एका जागी राहत नाही. फुलोरा आटला की अख्खं मोहोळ उठतं, मध संपवून, पोळं तिथंच टाकून, दूरच्या रानात निघून जातं. मागे वाळलेलं मेण आणि त्यात अडकून राहिलेला परजीवी. तिचं औषध म्हणजे तिचं प्रस्थान.

घर सोडणं इतकं सोपं असतं तर!

कन्नडच्या पलीकडे गौताळ्याच्या जंगलात दुसरी एक माशी आहे, सातेरी. आकाराने लहान, रंगाने सावळी, झाडांच्या ढोलीत, खडकांच्या कपारीत, अंधारात एकाआड एक पोळी बांधून राहणारी. व्हरोआ मूळचा हिच्या घरचा. 1904 साली शास्त्राला तो पहिल्यांदा जावा बेटावरच्या सातेरीच्या जातीवर सापडला, पण त्यांची सोबत त्याहून कितीतरी जुनी; आणि इतक्या जुन्या सोबतीत एक समजूत तयार झालेली आहे. सातेरीकडे कोळी फक्त नरांच्या पिलांत वाढतो, आणि नरांची पिलं वर्षातले थोडेच दिवस असतात. सातेरी अंग झटकते, बहिणींना पाठ दाखवते, आणि त्या तिच्या अंगावरचा कोळी वेचून काढतात. आणि ज्या नर पिलाच्या घरात कोळी फार झाले, ते पिलू इतकं दुबळं होतं की त्याला आपलं जाड झाकण फोडता येत नाही. कामकरी माशाही ते झाकण मग उघडत नाहीत. आत तो नर मरतो, आणि त्याच्याबरोबर त्याला खाणारेही. एका मेणाच्या टोपीखाली सगळं मिटून जातं.

ढोलीच्या तोंडाशी कान लावून बसलं की आतला आवाज ऐकू येतो, आणि एवढी कठोर गोष्ट एवढ्या मऊ गुंजनात चालते हे मनाला सहज मानवत नाही. सातेरीलाही दुखणी आहेत. 1990च्या सुमारास थाई सॅकब्रूडच्या विषाणूने दक्षिणेतल्या तिच्या वसाहतीच्या वसाहती बसवल्या. पण या एका कोळ्यापुरती तिने आपली वाट शोधलेली आहे.

मोसंबीच्या बागेतली माशी मात्र मेलिफेरा. युरोप-आफ्रिकेकडची. तिने हा कोळी लाखो वर्षांत कधी पाहिलाच नव्हता. माणसाने जास्त मधाच्या आशेने तिला पेट्यांत घालून पूर्वेकडे आणलं, सातेरीच्या शेजारी ठेवलं, आणि विसाव्या शतकात केव्हातरी कोळ्याने उंबरा ओलांडला. इथे त्याला कामकरी पिलांतही वाढता आलं. मग पेट्यांबरोबर, राणीमाशांच्या पार्सलांबरोबर, आगगाड्या आणि जहाजांवरून तो जगभर गेला. 1970च्या दशकात युरोप, 1987 साली अमेरिका, 2000 साली न्यूझीलंड. त्याच 2000 साली डेनिस अँडरसन आणि जॉन ट्रूमन यांनी ओळखलं की हा जावातल्या कोळ्याहून वेगळा आहे, आणि त्याला नाव मिळालं व्हरोआ डिस्ट्रक्टर. मोठ्या देशांत ऑस्ट्रेलिया तेवढा उरला होता. जून 2022 मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ पहाऱ्यासाठी ठेवलेल्या पेट्यांत तो सापडला. ऑस्ट्रेलियाने हजारो पेट्या नष्ट करून पाहिल्या, आणि सप्टेंबर 2023 मध्ये आता तो इथेच राहणार हे मान्य केलं. आपल्याकडे मेलिफेरा 1960च्या दशकात हिमाचलातल्या नगरोट्यात आणि मग पंजाबात स्थिरावली. तिथून ट्रकांत बसून, फुलांमागून, ती मराठवाड्यापर्यंत आली.

आग्या उठून जाते. सातेरी झाकण बंद ठेवते. मेलिफेराला यातलं काही येत नाही, निदान पुरेसं येत नाही, आणि तिची न कोळ्याची गाठ आपण घालून दिली. म्हणून मोजायचं काम आपल्याकडे आलं.

मोजण्यावरून आठवलं: गौताळ्याच्या पायथ्याला, खानदेशाच्या बाजूने उतरलं की पाटणादेवी लागते. तिथल्या देवळात शके 1128चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून स्थापलेल्या मठाचा. त्या आजोबांच्या लीलावतीत भ्रमरांचं एक गणित आहे. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्याच्या फुलांवर, आणि एक भ्रमर उरला, केतकी आणि मालती यांच्या वासांमध्ये सापडून हवेतच घुटमळणारा. तर थवा केवढा? उत्तर पंधरा. शाळकरी पोरही सोडवील. पण हे गणित घालणाऱ्याने त्या डोंगरात कधीतरी फुललेला कुडा पाहिला असेल, त्यावरची गर्दी पाहिली असेल, आणि कोणी कुठल्या फुलावर गेलं याचा हिशेब ठेवताना त्या एका उरलेल्या जिवावर त्याचा डोळा खिळला असेल, असं मला नेहमी वाटतं. गणितात त्याची गरज होती. तरी त्याला केतकी आणि मालती यांच्यामध्ये घुटमळत ठेवणं, ही गणिताची गरज नव्हती.

आठ-नऊ शतकांनी त्याच सह्याद्रीच्या फाट्यांच्या सावलीत पुन्हा माशा मोजल्या जात आहेत. या वेळी फुलांनी वाटून घेतलेल्या नव्हे, कोळ्यांनी धरलेल्या. पण वहीवर वाकलेल्या त्या मधपाळाच्या मानेकडे पाहताना मला तोच डोळा दिसतो. पेटी क्रमांक अमुक, तीनशे माशा, नऊ कोळी. खाली बोटाने ओढलेली रेघ. पावसाळ्यात फुलं कमी, माशा कमी, आणि कोळी मात्र तितकेच, तेव्हा आकडा चढतो. श्रावण-भाद्रपदातली पानं त्या वहीत जरा जास्त मळलेली आहेत. ज्या पेट्यांपुढे आकडा नाही त्यांचीच त्याला धास्ती असते. "बाहेरून भरलेली दिसते हो पेटी," तो म्हणाला होता. "माशा भरपूर, मध भरपूर. अन्‌ महिन्याभरात रिकामी. न मोजता कळत नाही, ताई."

आकडा चढला की औषध. आणि औषधांच्या वासाने मी थेट लहानपणात जाते. थायमॉल म्हणजे ओव्याचं सत्त्व. आमच्या घरी पोटदुखीवर अमृतधारेचे थेंब बत्ताशावर घालून मिळत, त्यातला तो झणझणीत, डोळ्यांत पाणी आणणारा वास हाच. ऑक्झॅलिक आम्ल थंडीतल्या हरभऱ्याच्या आंबेत असतं. पहाटे घाट्यांवर धडपा अंथरून, दंवाबरोबर ती आंबट ओल टिपून, पिळून बाटलीत भरणाऱ्या बायका मराठवाड्यात अजून आहेत. फॉर्मिक आम्ल मुंगीच्या चाव्यातलं. ओवा, आंब, मुंगी: इथल्या मातीतलीच ही तीन तिखट माणसं, असं मला वाटतं, परक्या माशीच्या मदतीला धावून आलेली. मात्र यांचा हात जड आहे. आमच्या उन्हाळ्यात पारा 40 ओलांडतो तेव्हा थायमॉल आणि फॉर्मिकच्या वाफा इतक्या उग्र होतात की कोळ्याआधी माशीच घुसमटते. ऑक्झॅलिक झाकलेल्या घरांत शिरत नाही, म्हणून ते पिलं नसताना किंवा अगदी थोडी असताना कामाचं. आणि मध धरलेला असताना यातलं काहीच पेटीत ठेवायचं नाही. तेव्हा वेळ चुकवून चालत नाही, आणि वेळ कळायला पुन्हा तीच पांढरी ताटली.

मोजण्याला कोरडं काम का म्हणतात, मला उमगत नाही. ताप मोजणारी परिचारिका, पोराची उंची भिंतीवर रेघेने धरून ठेवणारा बाप, रात्री गोठ्यात कंदील फिरवून गुरं मोजणारा माणूस, यांच्याइतकं जवळ कोण असतं? मधपाळाच्या बोटांना राळ लागलेली असते, नखांत मेण, मनगटावर एक-दोन ताजे डंख, आणि तो साखरेच्या पाण्यात पाय हलवणाऱ्या त्या तांबड्या ठिपक्यांवर वाकून ओठ हलवत राहतो. बागेत वास दाटलेला असतो. त्याच्या टोपीवर मोसंबीच्या पाकळ्या पडत असतात. त्याचं लक्ष नसतं.

आता काम राहिलं ते तुमचं. पाचोड, आडूळ, पैठण, अंबड, बदनापूर या पट्ट्यात ज्यांच्या बागेत यंदा पेट्या उतरतील त्यांनी पेट्यांजवळ सावली आणि उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवावं. सायला किडीसाठी फवारणी करावीच लागली तर फूल उमलण्याआधी उरकून घ्या, आणि बहारात टळतच नसेल तर मावळतीनंतर करा, मधपाळाला आदल्या दिवशी कळवून. कोळ्याने दुबळी केलेली माशी विषाला लवकर बळी पडते. आणि ज्यांच्या स्वतःच्या पेट्या आहेत त्यांनी महिन्यातून एकदा बरणी आणि पिठीसाखर घेऊन बसावं. पेट्या गाडीत भरून दुसऱ्या गावाला हलवण्याआधी तर मोजाच, कारण कोळीही त्याच गाडीत बसतो. औषधाचं नीट समजत नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात विचारा. औषध दिल्यावर पुन्हा मोजा. शंभरामागे तीन दिसले, तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका.